गिरगावचा वाचक गिरगावात नव्हता

फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, मुगभाट, बोरभाट ही गिरगावातील नावे नुसती एकामागून एक उच्चारली, तरी चाळी उभ्या राहण्यापूर्वी या जमिनीवर काय पिकत असेल याचा अंदाज बांधता येतो. या वाड्यांविषयी, तेथील देवळांविषयी, जिन्यांविषयी आणि गॅलऱ्यांविषयी, पाडल्या जाणाऱ्या आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या इमारतींविषयी मी २०१९ सालापासून माझ्या ब्लॉगवर लिहीत आले आहे. माझा जन्म येथलाच, शाळा येथलीच, आणि लग्नानंतर घर बदलले तेही एका वाडीतून दुसऱ्या वाडीत. लिहिण्यासाठी विषयांची वानवा कधी पडली नाही. वानवा होती ती वाचकांची. चार वर्षे नेमाने लिहूनही दिवसाला वीस-पंचवीस वाचकांच्या पुढे आकडा जात नसे, आणि त्यांतील बहुतेक जण गूगलवर एखाद्या देवळाची वेळ किंवा एखाद्या गल्लीचा पत्ता शोधता शोधता माझ्या पानावर येऊन पोहोचलेले असत.

२०२३च्या सुरुवातीला आमच्या इमारतीतील एका काकांनी मला जिन्यात थांबवून सांगितले, "ताई, तुम्ही छान लिहिता असं मुलगा सांगतो. पण आता डोळे थकले. मोबाइलवर कोणी बोलत असेल तर ऐकतो, पाहतो. वाचणं काही होत नाही." त्यांचे म्हणणे मनातून जाईना. लेखन सोडून व्हिडिओकडे वळण्याचा विचार मात्र मी तेव्हाही केला नाही, कारण लिहिलेल्या मजकुरात चूक सापडली तर ती दुरुस्त करता येते, नवी माहिती मिळाली तर जोडता येते आणि पाच वर्षांनी कोणी एखाद्या वाडीचे नाव शोधले तरी तो मजकूर सापडतो. मला हवे होते ते एवढेच, की जे लोक व्हिडिओ पाहतात त्यांतील काही जण तेथून लेखापर्यंत यावेत. हे घडायला जवळजवळ अडीच वर्षे लागली. त्या काळात काय केले, काय चुकले आणि काय उपयोगी पडले ते येथे क्रमाने सांगते, कारण मुंबईतील आपापल्या भागाविषयी मराठीत मनापासून लिहिणारे इतरही अनेक जण याच अडचणीत असतील असे मला वाटते.

पहिला व्हिडिओ केशवजी नाईक चाळीचा होता. मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सव १८९३मध्ये या चाळीत सुरू झाला आणि १९०१मध्ये लोकमान्य टिळकांनी येथे भेट दिली, हे गिरगावकरांना ठाऊक असले तरी चाळीची रचना, तेथील उत्सवाचा साधेपणा आणि त्यामागचा विचार यांवर मी बरेच तपशील जमवले होते. ते सगळे मी चौदा मिनिटांच्या एकाच व्हिडिओत घातले. व्हिडिओ काही शे लोकांनी पाहिला, ओळखीच्यांनी कौतुकही केले. पण त्या आठवड्यात यूट्यूबवरून ब्लॉगवर आले फक्त चार जण.

याची कारणे शोधताना मी तो व्हिडिओ माझ्या फोनवर एखाद्या परक्या माणसासारखा उघडून पाहिला. ब्लॉगची लिंक मी डिस्क्रिप्शनच्या, म्हणजे व्हिडिओखालच्या माहितीच्या मजकुराच्या, अगदी शेवटी, आभारांच्याही खाली दिली होती. यूट्यूबवर डिस्क्रिप्शनमध्ये पाच हजार अक्षरे लिहिता येतात खरी, पण मोबाइलवर सुरुवातीचा थोडासाच मजकूर दिसतो आणि उरलेला वाचण्यासाठी 'आणखी' या शब्दावर बोट ठेवावे लागते. तेवढे कष्ट घेणारा प्रेक्षक फार थोडा असतो. त्यातून माझे चॅनेल नवे असल्यामुळे लिंक दिसत असली तरी तिच्यावर बोट ठेवून काहीच उघडत नव्हते. यूट्यूबवर वरच्या पातळीच्या सुविधांसाठी ओळखीची पडताळणी किंवा चॅनेलचा पुरेसा इतिहास लागतो आणि डिस्क्रिप्शनमधील बाहेरच्या लिंक चालू होणे हे त्यांपैकीच एक आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. पडताळणी पूर्ण करून मी लिंक पहिल्या ओळीत आणली. पण खरी चूक या दोन्हींहून मोठी होती. व्हिडिओत मी सगळेच सांगून टाकले होते, त्यामुळे लेख वाचण्याचे कोणतेही कारण प्रेक्षकापाशी उरले नव्हते.

दुसरा व्हिडिओ मी मुद्दाम एकाच प्रश्नावर केला: चर्नी रोडला चर्नी का म्हणतात? ब्रिटिश काळात गुरे चारण्यावर कर बसला, तो गोरगरिबांना परवडेना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांनी ठाकुरद्वाराजवळची जमीन विकत घेऊन तेथे गुरांना मोकळेपणी चरू दिले आणि त्या चरणीवरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. दुसरे मत असे, की ठाण्याजवळच्या चेंदणी गावातून येथे येऊन राहिलेल्या लोकांमुळे या भागाला हे नाव मिळाले. साडेचार मिनिटांच्या व्हिडिओत मी पहिली हकीकत पूर्ण सांगितली, स्टेशनच्या पुलावरून दिसणारा परिसर दाखवला आणि शेवटी म्हटले की या नावाविषयी आणखी एक मत आहे, दोन्ही मतांच्या बाजूने काय म्हणता येते ते मी लेखात मांडले आहे आणि त्याची लिंक खाली पहिल्याच ओळीत आहे. हेच वाक्य मी स्वतःच्या कमेंटमध्ये लिहून ती कमेंट वर पिन केली. त्या व्हिडिओला पहिल्यापेक्षा कमी प्रेक्षक मिळाले, तरी लेखापर्यंत आलेल्यांची संख्या कित्येक पटींनी अधिक होती, आणि ते लोक पानावर थांबून वाचत होते.

येथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. 'पुढे काय झाले ते लिंकमध्ये वाचा' असे म्हणून अर्धी गोष्ट रोखून धरण्याची पद्धत सध्या फार दिसते. मी ती एकदाही वापरली नाही आणि वापरणार नाही. व्हिडिओ पाहणाऱ्याला त्याच्या वेळेच्या बदल्यात एक पूर्ण उत्तर मिळालेच पाहिजे. लेखात त्याच उत्तराच्या पुढची माहिती, मतभेद, नकाशा, जुनी छायाचित्रे, वेळापत्रक अशा ज्या गोष्टी चालत्या चित्रात नीट मांडता येत नाहीत त्या असाव्यात. ही वाटणी एकदा मनाशी ठरली, की व्हिडिओ कशावर करायचा आणि लेख कशावर लिहायचा याचा गोंधळ उरत नाही. झावबा वाडीतील राम मंदिराचा व्हिडिओ केला तेव्हा मंदिरातील शांतता आणि लाकडी बांधणी व्हिडिओत आली, आणि तेथे कसे पोहोचायचे, कोणत्या गल्लीतून वळायचे, जवळ आणखी काय पाहण्यासारखे आहे हे लेखात आले. ज्यांना जायचे होते त्यांनी लेख उघडलाच.

चित्रीकरणाची साधने साधीच होती: फोन, कॉलरला लावायचा माइक आणि घरातली एक जुनी तिपाई. गिरगावातील आवाजाचा प्रश्न मात्र मोठा होता. बेस्टच्या बस, हातगाड्या, आणि त्या काळात दिवसरात्र चालणारे भुयारी मेट्रोचे काम यांमुळे दुपारी रेकॉर्ड केलेले एकही वाक्य धड ऐकू येत नसे. म्हणून मी रविवारी सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ ठरवली आणि रस्त्यावर फक्त चित्र घेऊन निवेदन घरी, खिडक्या लावून, गाद्यांच्या कपाटाशेजारी बसून रेकॉर्ड करू लागले. प्रत्येक व्हिडिओवर मराठी उपशीर्षके मी स्वतः टाइप करून घालते, कारण लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणारी कितीतरी माणसे आवाज बंद ठेवून व्हिडिओ पाहतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळू नये. मी सुरुवातीला वापरलेल्या संपादनाच्या ॲपमध्ये देवनागरी जोडाक्षरे तुटत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जात असे. तेव्हा मजकूर दुसरीकडे लिहून त्याचे चित्र करून वर चिकटवावे लागे. थंबनेलवरही, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या छोट्या चित्रावरही, चारपेक्षा अधिक शब्द घालायचे नाहीत आणि शक्यतो जोडाक्षरे टाळायची हे अनुभवातून ठरले, कारण फोनच्या पडद्यावर ते चित्र अंगठ्याच्या नखाएवढे दिसते आणि 'ठाकुरद्वार' या शब्दातील 'द्व' तेथे नुसता काळा ठिपका होतो.

शीर्षकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. मराठी माणूस वाचतो मराठीत, पण शोधताना अनेकदा रोमन लिपीत टाइप करतो, आणि गिरगाव हे एकच नाव तीन-चार प्रकारे लिहितो. यूट्यूबचे शीर्षक शंभर अक्षरांत बसवावे लागते, म्हणून मी आधी देवनागरीत पूर्ण वाक्य आणि शेवटी जागेचे नाव रोमन लिपीत असा क्रम ठेवला. इतर रूपे डिस्क्रिप्शनमधील एका साध्या वाक्यात येऊ दिली. हॅशटॅग मी तीनच देते.

वाड्यांमध्ये लोक राहतात, त्या प्रदर्शनाच्या जागा नाहीत, याचे भान पहिल्या दोन महिन्यांत मला पुरेसे राहिले नाही, हे मी येथे नोंदवते. एका वाडीत मी व्हरांड्याचे चित्रण करत असताना आतून एक आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाळ, हे माझं घर आहे. आधी विचारायला हवं होतंस." मी माफी मागून ते चित्रण त्यांच्यासमोर पुसून टाकले. तेव्हापासून आधी विचारल्याशिवाय फोन हातात घ्यायचा नाही, कोणाच्या दारातील नावाची पाटी, वाहनाचा क्रमांक किंवा लहान मुलांचे चेहरे दाखवायचे नाहीत आणि व्हिडिओ प्रसिद्ध करण्यापूर्वी त्या घरातील माणसांना दाखवायचा, असा नियम केला. याच आजींनी पुढे दोन महिन्यांनी मला आपणहून बोलावून घेतले आणि वाडीतील विहिरीविषयी तासभर माहिती सांगितली.

आखूड, उभ्या व्हिडिओंकडे मी मे २०२३मध्ये वळले. भारतात जून २०२०मध्ये टिकटॉकवर बंदी आल्यानंतर त्याच वर्षी इंस्टाग्रामचे रील आणि यूट्यूबचे शॉर्ट्स येथे सुरू झाले, आणि मी सुरुवात करेपर्यंत त्यांचा प्रसार घराघरांत झाला होता. माझ्या एका शॉर्टला, ज्यात फक्त फणसवाडीतील बालाजी मंदिराच्या गोपुरावर पडणारे सकाळचे ऊन होते, एका आठवड्यात आधीच्या सर्व व्हिडिओंना मिळून आले नव्हते इतके प्रेक्षक आले. मी हरखून गेले आणि पुढचे तीन महिने आठवड्याला चार-चार शॉर्ट्स करत राहिले. त्या तीन महिन्यांत एकही नवा लेख पूर्ण झाला नाही. ब्लॉगवरचे वाचक होते तेवढेच राहिले. त्यानंतर ३१ ऑगस्ट २०२३पासून यूट्यूबने शॉर्ट्सच्या डिस्क्रिप्शनमधील आणि कमेंटमधील लिंक चालू न ठेवण्याचा निर्णय अमलात आणला. फसव्या लिंक पसरवणाऱ्यांना आळा घालण्यासाठी तो घेतला होता आणि मला तो योग्यच वाटतो. माझ्यापुरता त्याचा परिणाम असा झाला, की शॉर्टमधून थेट लेखाकडे जाणारी वाट उरली नाही आणि मला शॉर्टचे काम नव्याने ठरवावे लागले.

आता मी प्रत्येक शॉर्टला संबंधित मोठा व्हिडिओ जोडते. यूट्यूबने त्यासाठी सोय दिली आहे. शॉर्टवर त्या मोठ्या व्हिडिओचे नाव दिसते आणि बोट ठेवल्यावर तो उघडतो. मोठ्या व्हिडिओच्या डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीत लेखाची लिंक असतेच. वाट लांबली आणि प्रत्येक टप्प्यावर माणसे गळतात, तरी जी शेवटपर्यंत येतात ती खरोखर वाचणारी असतात. व्हिडिओच्या अखेरीस, शेवटच्या पाच ते वीस सेकंदांत, पडद्यावर दुसऱ्या व्हिडिओची चौकट दाखवता येते. तेथे स्वतःच्या संकेतस्थळाची लिंक द्यायची तर चॅनेल यूट्यूबच्या भागीदार योजनेत असावे लागते, आणि माझे चॅनेल अजून त्यात नाही. म्हणून मी ब्लॉगचे नाव तोंडाने उच्चारते, सावकाश, दोनदा. नाव सोपे आणि उच्चारल्यासारखे लिहिता येणारे असावे याची किंमत मला येथे कळली. सुरुवातीचे लांबलचक नाव बदलून मी दोन शब्दांचे नाव घेतले आणि जुन्या पत्त्यावर येणारे वाचक आपोआप नव्या पत्त्यावर जातील अशी व्यवस्था करून घेतली.

प्रोफाइलचे काम वरकरणी क्षुल्लक वाटते, पण मी त्यासाठी दोन पूर्ण दिवस दिले आणि ते दिवस सार्थकी लागले. यूट्यूब, इंस्टाग्राम आणि फेसबुक या तिन्ही ठिकाणी माझी नावे वेगळी, छायाचित्रे वेगळी आणि ओळखही वेगळी होती: एका ठिकाणी मी 'प्रवासप्रेमी' होते, दुसऱ्या ठिकाणी 'गृहिणी आणि लेखिका', तिसऱ्या ठिकाणी काहीच लिहिलेले नव्हते. ज्याने एका ठिकाणी मला पाहिले त्याला दुसऱ्या ठिकाणी मी तीच आहे हे ओळखताच येत नव्हते. मी सर्वत्र एकच छायाचित्र लावले, ब्लॉगचेच नाव दिले आणि एकच वाक्य लिहिले: 'गिरगावच्या वाड्या, माणसे आणि बदल यांविषयी दर गुरुवारी एक लेख.' या वाक्यात जागा आहे, विषय आहे आणि वारही आहे, त्यामुळे पाहणाऱ्याला येथे काय मिळेल ते लगेच समजते. इंस्टाग्रामवर पोस्टखालच्या मजकुरातील लिंक उघडत नाही. बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवरील ओळखीच्या मजकुरात, मात्र २०२३पासून पाच लिंक देता येतात. मी दोनच दिल्या, एक ताज्या लेखाची आणि एक सर्व वाड्यांच्या सूचीची. स्टोरीमध्ये लिंकचे स्टिकर लावता येते आणि मला इंस्टाग्रामवरून जे वाचक मिळतात ते बहुतेक त्या स्टिकरवरूनच येतात.

या सगळ्यात व्हॉट्सॲपचा विचार मी सर्वांत शेवटी केला, आणि हा क्रम उलटा असायला हवा होता. महिनाअखेरीस ब्लॉगची आकडेवारी पाहताना वाचकांचा एक मोठा गट 'थेट आलेले' या नावाखाली दिसे. पत्ता पाठ असलेले इतके वाचक मला असणे शक्य नव्हते. व्हॉट्सॲपवरून लिंक उघडणारा वाचक कोठून आला याची खूण बहुधा मागे राहत नाही, आणि तो 'थेट' म्हणूनच मोजला जातो, हे समजल्यावर मी लिंकच्या शेवटी यूटीएमच्या खुणा, म्हणजे वाचक कोठून आला ते आकडेवारीत दाखवणारे शब्द, जोडायला सुरुवात केली: यूट्यूबसाठी एक, इंस्टाग्रामसाठी एक, फेसबुकसाठी एक, व्हॉट्सॲपसाठी एक. अशी लांबलचक लिंक पाहून वडीलधारी माणसे ती फसवी समजून उघडत नाहीत, म्हणून माझ्याच पत्त्याखाली छोट्या लिंक तयार करून घेतल्या, ज्या उघडल्यावर आतून खुणांसह लेखाकडे नेतात. पुढच्या दोन महिन्यांत चित्र स्पष्ट झाले. माझ्याकडे येणाऱ्या वाचकांपैकी सर्वांत मोठा वाटा व्हॉट्सॲपचा होता, आणि तेथे लिंक पाठवणारे बहुतेक लोक आधी यूट्यूबवर व्हिडिओ पाहिलेले होते. म्हणजे व्हिडिओ एकाने पाहायचा, लेखाची लिंक त्याने आपल्या घरच्या गटात टाकायची आणि वाचायचे तिसऱ्यानेच, असा प्रवास होत होता.

हा तिसरा माणूस कोण, याचा उलगडा ब्लॉगवर येणाऱ्या पत्रांतून झाला. लोक स्वतःची ओळख करून देताना लिहीत: आम्ही मूळचे कांदेवाडीचे, आता डोंबिवलीत असतो, माझे बालपण गायवाडीत गेले, सध्या बोरिवलीत, आई अजून मंगलवाडीची आठवण काढते, आम्ही पुण्यात असतो. मी चार वर्षे गिरगावात राहणाऱ्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहीत होते, आणि त्याला तर हे सारे खिडकीतून दिसतच होते. ज्याला ते दिसत नव्हते, ज्याचे घर लहान पडले म्हणून, भावाभावांत खोली वाटता येईना म्हणून किंवा इमारत पाडली म्हणून जो उपनगरात गेला होता, तोच माझा वाचक होता. स्थानिक लेखनाचा वाचक त्या स्थानाबाहेर असू शकतो, हे मला इतक्या उशिरा कळावे याची खंत वाटते.

त्यानंतर मी बरेच काही बदलले. लेखांत 'त्या कोपऱ्यावरच्या दुकानासमोर' असे न लिहिता पूर्वी तेथे काय होते तेही लिहू लागले, कारण वाचकाच्या मनातला नकाशा वीस-तीस वर्षांपूर्वीचा होता. फेसबुकवर मूळ गिरगावकरांचे काही गट आहेत. त्यांपैकी दोन गटांच्या ॲडमिनना मी आधी पत्र लिहून परवानगी विचारली. लिंक टाकायला त्यांनी महिन्यातून दोन दिवस दिले आणि मी ते पाळले. उरलेल्या दिवसांत गटात कोणी 'अमुक वाडीतली शाळा अजून आहे का' असे विचारले, की मी तेथे जाऊन, पाहून, छायाचित्रासह उत्तर देत असे, लिंकशिवाय. पुढे लोकच उत्तराखाली माझ्या लेखाची लिंक देऊ लागले. व्हॉट्सॲपवर सरसकट सर्वांना पाठवणे मी टाळले. भारतात २०१८पासून एका वेळी पाचच गप्पांमध्ये संदेश पुढे पाठवता येतो, आणि अनेकदा फिरून आलेल्या संदेशावर तशी खूण दिसते, त्यामुळे लोक तो वाचण्यापूर्वीच कंटाळतात. त्यापेक्षा ज्यांनी मला पत्र लिहिले होते त्यांना त्यांच्या वाडीचा लेख आला की मी स्वतंत्र दोन ओळी लिहून पाठवते. सप्टेंबर २०२३मध्ये व्हॉट्सॲपची चॅनेल भारतात सुरू झाली, तेव्हा इतरांसाठी मी एक चॅनेल उघडले. तेथे गुरुवारी एकच संदेश जातो.

लिंक पाठवली की तिच्याखाली दिसणारे छोटे चित्र आणि शीर्षक यांकडेही मी दुर्लक्ष करत होते. कितीतरी दिवस माझ्या प्रत्येक लेखाखाली ब्लॉगचे तेच एक चिन्ह दिसत असे. प्रत्येक लेखाला स्वतंत्र आडवे चित्र दिल्यावर, विशेषतः त्यात एखादा ओळखीचा जिना किंवा दरवाजा असला, तर लोक लिंक उघडण्याची शक्यता बरीच वाढते असे मला दिसून आले. पान उघडल्यावरचा अनुभवही सुधारावा लागला. मी प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला यूट्यूबचा व्हिडिओ लावत होते आणि त्यामुळे जुन्या फोनवर पान उघडायला इतका वेळ लागे, की माणूस परत फिरत असे. आता वर व्हिडिओचे फक्त चित्र असते आणि त्यावर बोट ठेवले तरच व्हिडिओ चालू होतो. शिवाय व्हिडिओत जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर लेखाच्या पहिल्या दोन परिच्छेदांतच येते.

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेचा २०२४चा अनुभव क्लेशदायक होता. ९ एप्रिलला पहाटेपासून उभी राहून मी केलेला रील एका मोठ्या पानाने माझे नाव कापून स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला, आणि मूळ रीलपेक्षा कितीतरी अधिक लोकांनी तो तेथे पाहिला. मी त्यांना नम्रपणे लिहिले, उत्तर आले नाही. मग स्वामित्वहक्काच्या तक्रारीचा अर्ज मूळ चित्रणासह भरला आणि काही दिवसांनी तो रील तेथून निघाला. तेव्हापासून ब्लॉगचे नाव मी कोपऱ्यात न ठेवता चित्राच्या मध्याजवळ, फिकट अक्षरांत ठेवते, आणि निवेदनाच्या पहिल्या वाक्यातही ते उच्चारते, म्हणजे कापून टाकणे अवघड होते.

ऑक्टोबर २०२५मध्ये भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आरे ते कफ परेड हा संपूर्ण मार्ग खुला झाला. गिरगावसाठी ही घटना साधी नव्हती. या स्थानकासाठी जुन्या इमारती पाडल्या गेल्या होत्या, कुटुंबे हलली होती, आणि आम्ही कित्येक वर्षे पत्र्यांच्या कुंपणांमधून वाट काढत होतो. सगळीकडे चकचकीत फलाटांचे व्हिडिओ दिसत होते. मी माझ्या वाचकाचा विचार केला. डोंबिवलीहून किंवा ठाण्याहून येणाऱ्याला आजवर सीएसएमटीला उतरून बस किंवा टॅक्सी शोधावी लागे. आता तेथेच मेट्रो घेतली की काळबादेवीनंतरचे स्थानक गिरगाव. त्यामुळे मी एका डोंबिवलीकर वाचिकेच्या आईला बरोबर घेऊन, त्यांच्या संमतीने, सीएसएमटीपासून त्यांच्या जुन्या वाडीच्या दारापर्यंतचा प्रवास साडेतीन मिनिटांत दाखवला: कोठे लिफ्ट आहे, कोठे पायऱ्या आहेत, वर आल्यावर कोणत्या हाताला वळायचे. त्याखालच्या लेखात स्थानकापासून प्रत्येक वाडीपर्यंत चालत जाण्याचा मार्ग लिहिला आणि पूर्वीच्या खुणाही दिल्या. त्या लेखाला पहिल्या पंधरा दिवसांत जितके वाचक आले तितके मला पूर्वी सहा महिन्यांतही मिळत नसत. विशेष म्हणजे त्यांतील बऱ्याच जणांनी त्याच वेळी आपापल्या वाडीचा लेखही उघडून वाचला, कारण मार्ग सांगताना प्रत्येक वाडीच्या नावाला मी तिच्या लेखाची लिंक दिली होती.

आता दर सोमवारी रात्री मी वहीत एवढ्याच गोष्टी नोंदवते: या आठवड्यात कोणत्या खुणेवरून किती जण आले, त्यांतील कितींनी दुसरा लेख उघडला आणि किती पत्रे आली. व्हिडिओ किती जणांनी पाहिला हा आकडा मी नोंदवत नाही. मागच्या आठवड्यात आलेल्या पाच पत्रांपैकी एक विरारहून होते. मेट्रोच्या व्हिडिओत क्षणभर दिसलेल्या एका दरवाज्यावरून त्या गृहस्थांना आपली चाळ ओळखू आली, मग त्यांनी लेख वाचला आणि त्यातील एक चूक दाखवून दिली: मी जिथे पिठाची गिरणी होती असे लिहिले होते, तिथे आधी त्यांच्या आजोबांचे कल्हईचे दुकान होते. सोबत त्या दुकानासमोर उभ्या असलेल्या आजोबांचे, कडा फाटलेले छायाचित्र होते. लेखात दुरुस्ती केली आहे. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला ते स्वतः विरारहून येणार आहेत, आणि दुकानाची जागा नेमकी कोणती ते कॅमेऱ्यासमोर उभे राहून दाखवणार आहेत.